मागे माणसे बसली की तापणारी जेट स्की : कांदोळी किनाऱ्यावरचे एक प्रकरण

तक्रार एका दमात सांगता येण्यासारखी होती. चालक एकटा असला की जेट स्की, म्हणजे पाण्यावर चालणारी स्कूटर, हवी तेवढी पळायची. मागे दोन पर्यटक बसवून लाटांपलीकडे मोकळ्या पाण्यात नेली की दोन-तीन मिनिटांत हॉर्न वाजायचा, तापमानाचा इशारा झळकायचा आणि इंजिन आपोआप मंदावायचे. थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा सुरू केली की जणू काही झालेच नाही. डिसेंबरात हे कधीमधी होत होते, फेब्रुवारीत रोजचे झाले आणि मार्चअखेर मालकाने ती टेम्पोत घालून गोव्यातल्या नेरूलला आमच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये आणून ठेवली. तोवर तिच्यावर दोन दुरुस्त्या होऊन गेल्या होत्या. एका मेकॅनिकने तापमानाचा सेन्सर बदलला होता, दुसऱ्याने इंपेलर, म्हणजे पाणी मागे फेकणारा आतला पंखा. दोन्ही भाग नवे, दोन्हींचे पैसे चुकते, आणि दुखणे होते तिथेच.

कळंगुट-बागा-कांदोळीच्या पट्ट्यात अशी तक्रार घेऊन येणारी यंत्रे काही कमी नाहीत. बहुतेक वेळा इलाज सुटा भाग विकत आणण्यापासून सुरू होतो, कारण हंगाम चालू असतो आणि उभे यंत्र मालकाला परवडत नाही. या प्रकरणात रोग समजून घ्यायला जेवढा वेळ लागला, त्याहून बराच कमी वेळ तो बरा करायला लागला. म्हणून ते तपशिलाने लिहितो आहे.

यंत्राला पाणी मिळते कुठून

यंत्र जपानी बनावटीचे, तीन आसनी, फोर-स्ट्रोक, साधारण एक लिटरचे. मालकाकडे त्याच मॉडेलचे आणि त्याच वयाचे दुसरे यंत्रही होते. दोन्ही एकाच किनाऱ्यावर चालायची, पण दुसऱ्याबद्दल तक्रार नव्हती. तपासात या जोडीदाराचा फार उपयोग झाला.

जेट स्कीला बाहेर फिरणारा पंखा नसतो. तळाच्या बोगद्यात इंपेलर फिरतो, जाळीतून पाणी आत ओढतो, मागच्या स्थिर पात्यांमधून ते सरळ करतो आणि नोझलमधून जोराने मागे फेकतो. त्या धक्क्याने यंत्र पुढे जाते. इंपेलरभोवती एक कडे असते. इंपेलरची टोके आणि हे कडे यांच्यातली फट मिलिमीटरच्या अंशात मोजायची असते, आणि पंपाची सगळी ताकद त्या फटीवर टिकून असते. फट वाढली की दाबाखाली आलेले पाणी मागे जायचे सोडून फटीतून पुन्हा पुढे परतते. इंजिनाचे फेरे चढतात, आवाज वाढतो, पण वेग तेवढा मिळत नाही.

इंजिन थंड ठेवण्यासाठी या यंत्रात वेगळा पाण्याचा पंप नाही, रेडिएटरही नाही. त्याच जेट पंपाच्या दाबाच्या बाजूने थोडे पाणी एका नळीने वळवलेले असते. ते एक्झॉस्टभोवतीच्या पोकळीतून, सिलिंडर आणि हेडमधून फिरते आणि बाहेर पडते. त्यातली एक बारीक धार बाजूच्या भोकातून दिसते. चालक मंडळी ती धार बघूनच पाणी चढते आहे की नाही हे ठरवतात. सगळ्याच जेट स्की अशा नसतात. सी-डू या दुसऱ्या ब्रँडच्या फोर-स्ट्रोक यंत्रांमध्ये इंजिनात बंदिस्त कूलंट, म्हणजे थंड करणारा द्रव, फिरते आणि तळाच्या धातूच्या पट्टीत समुद्राच्या पाण्याने थंड होते. एक्झॉस्टला मात्र तिथेही बाहेरचेच पाणी लागते.

म्हणजे आमच्या यंत्रात ढकलणे आणि थंड करणे ही दोन्ही कामे एकाच पंपाकडे होती. पंप थकला की दोन्ही थकणार. हे एकदा पक्के समजले की तपासाची दिशा बदलते.

याच घरातले एक भावंड बर्फात चालते. सी-डू बनवणाऱ्या कॅनडातल्या कंपनीचा मूळ धंदा स्नोमोबाईलचा, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर बर्फातून धावणाऱ्या गाड्यांचा. जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांची स्की-डू १९५९ साली बाजारात आली, आणि आजही स्की-डू व सी-डू दोन्हींत रोटॅक्स कंपनीची इंजिने असतात. यामाहानेही १९६८ पासून स्नोमोबाईल बनवल्या आणि २०२३ मध्ये त्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे गुलमर्गला पर्यटकांना फिरवणारी यंत्रे बघायला मिळतात. दोघांना बसवून लांबच्या फेरीला जाणाऱ्या स्नोमोबाईलची अडचण आमच्या प्रकरणाशी थेट जुळते. तिच्या पट्ट्यावरच्या बोगद्यात कूलंट थंड करणाऱ्या पट्ट्या असतात, आणि फिरता पट्टा जो भुसभुशीत बर्फ उडवतो तो त्यांवर आपटून त्या थंड राहतात. टणक, गोठलेल्या वाटेवर बर्फ उडतच नाही. मग आसपास मैलोन्‌मैल बर्फ असूनही इंजिन तापते, आणि पट्टा ज्यावरून घसरतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्याही ओलाव्याअभावी झिजतात. त्यावर उपाय म्हणून बर्फ खरवडून उडवणारे तारेचे आकडे खाली सोडतात. दोन्ही यंत्रांना गारवा मिळतो तो त्यांनी स्वतः उचललेल्या गोष्टीतून. ती उचलण्याची ताकद कमी झाली तर सभोवताली किती बर्फ आहे किंवा किती पाणी आहे, याला काही अर्थ उरत नाही.

शेडमध्ये सगळे ठीक दिसत होते

आधीच्या दोघांनी काम निष्काळजीपणे केले होते असे मी म्हणणार नाही. पहिल्याने नोंदलेला दोष वाचला, तो एक्झॉस्टच्या तापमानाचा होता. जागेवर पाइप लावून इंजिन चालवले, धार जोरात आली, तापमान वाढले नाही. पाणी येते आहे, इंजिन थंड आहे, तरी इशारा मिळतो, तेव्हा सेन्सर खोटे बोलतो असा निष्कर्ष त्याने काढला. त्या सेन्सरच्या जोडणीवर हिरवट गंजही होता, त्यामुळे संशय बळावला.

चूक होती त्या चाचणीतच. पाइप जिथे लावतात ते तोंड थेट इंजिनाच्या पाण्याच्या मार्गात उघडते. त्या वेळी पाणी नळाच्या दाबाने वाहत असते आणि जेट पंपाचा त्यात काहीच भाग नसतो. शिवाय इंजिनावर भार शून्य. नळाचा दाब चांगला असेल तर अर्धवट चोंदलेल्या मार्गातूनही भाराविना मंद चालणाऱ्या इंजिनाला पुरेल एवढे पाणी जाते. पंप पार झिजलेला असला तरी ही चाचणी पास होते. पाइप लावून यंत्र धुता येते, त्याच्या थंड राहण्याची परीक्षा त्यातून होत नाही. एवढे जरी चालकांच्या आणि मेकॅनिकच्या ध्यानात राहिले तरी किती पैसे वाचतील.

आम्ही सुरुवात चालकाशी बोलण्यापासून केली. मुलगा पेडण्याकडचा, या किनाऱ्यावर बरेच हंगाम काढलेला, यंत्राच्या आवाजावरून त्याची तब्येत सांगणारा. हॉर्न सोडून आणखी काय बदलले, असे विचारल्यावर तो म्हणाला, "भाई, आवाज चढतो, पण ओढ न्हय पयलीसारखी. दोघांना घेतलं की पाण्यावर उठायला लय वेळ लावते." हे त्याने आधी कोणाला सांगितले होते का? नव्हते. कोणी विचारलेच नव्हते, आणि त्यालाही तापण्याशी त्याचा संबंध वाटला नव्हता.

या उत्तरात निम्मे निदान होते. जेट स्की वेग घेईपर्यंत पोट पाण्यात रुतवून चालते, मग उठून पृष्ठभागावर सरकू लागते. उठण्याआधीचा काळ इंजिनाला सर्वांत जड जातो, कारण थ्रॉटल पूर्ण असते आणि वेग नसतो. तीन माणसांचे वजन आणि थकलेला पंप असला की हा काळ लांबतो. नेमक्या त्याच वेळी इंजिन सर्वाधिक उष्णता तयार करते आणि पंप मात्र थंड करायला कमी पाणी पाठवतो. एकटा चालक काही क्षणांत या टप्प्यातून बाहेर पडतो, म्हणून एकट्याला त्रास नाही.

नदीतले मोजमाप

अंदाज पुरेसा नव्हता. मालकाचे दोनदा पैसे गेले होते, तिसऱ्यांदा भाग आणायला सांगण्याआधी हातात आकडा हवा होता. पंपाकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आम्ही एक टी-जोड, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवला आणि त्याला लांब बारीक नळीने कमी पल्ल्याचा दाबमापक जोडून तो हँडलजवळ बांधला. या जोडाला खर्च म्हणावा असा काही येत नाही. भरतीच्या वेळी, नदीत पुरेसे पाणी असताना, दोन्ही यंत्रे नेरूलच्या पात्रात उतरवली. आधी आसन उघडून पोटातली हवा मोकळी होऊ दिली. बंद पोटात पेट्रोलची वाफ साचलेली असू शकते आणि स्टार्टरच्या ठिणगीला तेवढी पुरते, त्यामुळे ही पायरी आम्ही कधीच गाळत नाही.

त्याच चालकाला इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर दोन्ही यंत्रे चालवायला लावली. आजारी यंत्राचा दाब जोडीदाराच्या निम्म्याच्या आसपास भरला. फेरे वाढवले की जोडीदाराचा दाब चढत जाई. आजाऱ्याचा थोडा चढून तिथेच अडकायचा, आणि थ्रॉटल पूर्ण दाबले की काटा थरथरायचा. थरथरणारा काटा म्हणजे पंपात पाण्याबरोबर हवा किंवा बुडबुडे. आता सेन्सर खोटे बोलत नव्हता हे सिद्ध झाले होते.

पंप उघडल्यावर

जाळी आणि तळपट्टी काढली, पंप मागून बाहेर ओढला. इंपेलर खरोखरच नवा होता, त्याच्या पात्यांच्या धारा शाबूत होत्या. कडे मात्र जुनेच. त्याच्या आतल्या अंगाला वाळूने खोल चर पाडले होते. फटीत मोजमापाचे पाते घालून बघितले तर एक मिलिमीटरचे पाते बऱ्याच ठिकाणी सहज शिरले. अशा पंपांत अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे फट गेली की कडे बदलण्याची वेळ झाली असे समजतात. दुसऱ्या मेकॅनिकने महागडा इंपेलर बदलला आणि स्वस्त कडे तसेच ठेवले. इंपेलर नवा असला तरी गळती कड्याच्या बाजूने होती, ती कशी थांबणार?

या यंत्रातले कडे प्लास्टिकचे आहे आणि ते मुद्दाम तसे ठेवलेले असते. वाळू आत आली की आधी कडे झिजावे, इंपेलर वाचावा अशी ती योजना. स्टेनलेस स्टीलचे कडे बसवा, पुन्हा बघायला नको, असा सल्ला मालकाला कोणीतरी दिला होता. ते वाळूत जास्त टिकते हे खरे. पण किनाऱ्यावर वाळूबरोबर खडे आणि शिंपलेही आत येतात, आणि कडक कडे व कडक इंपेलर यांच्यामध्ये खडा अडकला तर पाते वाकते. ज्या किनाऱ्यावर यंत्र गुडघाभर पाण्यातून सुटते, तिथे मी प्लास्टिकचेच कडे सुचवतो आणि हंगामातून एकदा फट मोजायला सांगतो.

जुने कडे काढताना हॅक्सॉच्या पात्याने आतून काप देऊन ते आत दुमडले. बाहेरच्या धातूला ओरखडा पडू नये म्हणून हे काम घाईने करायचे नसते. नवे कडे शेजारच्या मासळीवाल्याच्या बर्फपेटीत पिशवीत बांधून ठेवले. थंडीने ते किंचित आकसते आणि ठोकाठोक न करता जागेवर बसते. शाफ्टच्या दात्यांना मरीन ग्रीस लावले. पंप आणि पोट यांच्यातला रबरी जोड फाटलेला सापडला, सिलिकॉनचा जुना थर सुटून एका बाजूला उघडा पडला होता. तिथून हवा आत शिरत होती, काटा थरथरण्याचे कारण बहुधा तेच. तो जोड नव्याने बसवून सुकू दिला.

पंपाच्या बाजूला जिथून थंड करायचे पाणी वळते तिथली बारीक गाळणीही बघितली. वाळू, शिंपल्याचा चुरा आणि जाळ्याच्या नायलॉनचे तंतू यांनी ती निम्मी बुजली होती. ती साफ केली.

इथे थांबून पुन्हा नदीत चाचणी घेतली. सगळे उपाय एकदम करून टाकले की कोणत्या उपायाने काय साधले ते कळत नाही, म्हणून आमच्याकडे आधी पंपाचे काम, मग चाचणी, मग पुढचे. दाब आता जोडीदाराच्या जवळपास आला होता, यंत्र दोघांना घेऊन चटकन उठत होते, चालकाच्या चेहऱ्यावरूनच ते दिसत होते. पण बराच वेळ पूर्ण भाराने चालवल्यावर एक्झॉस्टचे तापमान अजूनही जोडीदारापेक्षा वर सरकत होते. हॉर्न वाजला नाही, एवढेच. मालक म्हणाला, चालतेय ना, नेतो. ईस्टरची गर्दी तोंडावर होती, त्याची घाई मला समजत होती. तरी मी दोन दिवस मागून घेतले.

मीठ आणि चुना

इन्फ्रारेड तापमापीने एक्झॉस्टच्या पोकळीभोवती तपासले. खालच्या मागच्या कोपऱ्यातला भाग बाकीच्यापेक्षा स्पष्टपणे गरम होता. नळी सोडवून उलट दिशेने पाणी सोडले, तेव्हा आधी वाळूचा गढूळ लोट आला आणि मग पांढरे कडक पापुद्रे.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. गरम धातूवर हे पाणी वाळले की मीठ उरते. मीठ गोड्या पाण्यात विरघळते. पण समुद्राच्या पाण्यातला कॅल्शियम तापलेल्या पृष्ठभागावर चुन्याच्या थराच्या रूपाने बसतो, आणि तो साध्या पाण्याने जात नाही. हा थर उष्णता अडवतो, मार्ग अरुंद करतो आणि पुढचा थर बसायला खडबडीत जागा देतो. यंत्र जितके जास्त तापते तितका तो लवकर बसतो. थकलेल्या पंपाने इंजिन तापवले, तापलेल्या इंजिनाने थर वाढवला, थराने आणखी तापवले. डिसेंबरातला कधीमधीचा हॉर्न फेब्रुवारीत रोजचा का झाला, ते इथे उलगडले.

थर काढायला संडास धुण्याचे ॲसिड वापरू का, असे शेडमधल्या नव्या मुलाने विचारले. तसे करणारे आहेत. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते, ते चुना क्षणात खाते आणि त्याच्या जोडीला ॲल्युमिनियमही खाते. ज्या भिंती वाचवायच्या त्याच पातळ होतात. आम्ही पातळ केलेला पांढरा व्हिनेगर बादली आणि छोट्या पंपाने त्या पोकळीतून फिरवत ठेवला, मधून मधून पाणी बदलून बाहेर काय येते ते बघितले आणि फेस थांबल्यावर भरपूर गोड्या पाण्याने धुतले. याला वेळ लागतो, धातू शाबूत राहतो.

मग प्रश्न उरला की रोज धुतलेल्या यंत्रात एवढे मीठ आले कुठून. चालक शपथेवर सांगत होता की संध्याकाळी यंत्र धुतल्याशिवाय तो घरी जात नाही. खोटे बोलत नव्हता. आम्ही किनाऱ्यावरच्या त्यांच्या शेडवर गेलो आणि विहिरीचे पाणी टीडीएस मीटरने, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मापकाने, तपासले. काटा लिटरला ३,००० मिलिग्रॅमच्या वर गेला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० ही इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास २,००० ही कमाल मर्यादा आहे. समुद्राला लागून असलेल्या विहिरी उन्हाळ्यात उपशाने मचूळ होतात, किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. आंघोळीला लोक ते चालवून घेतात. यंत्रासाठी मात्र ते धुणे निम्मेअर्धेच. मालकाने आता नळाच्या पाण्याची एक टाकी वेगळी ठेवली आहे, फक्त यंत्रांसाठी.

धुण्याच्या पद्धतीतही एक धोकादायक सवय सापडली. मुलगा आधी नळ सोडायचा, मग इंजिन सुरू करायचा, आणि इंजिन बंद करून नंतर नळ बंद करायचा. या प्रकारच्या यंत्रात क्रम नेमका उलटा हवा. इंजिन सुरू झाल्याबरोबर लगेच नळ सोडायचा, किमान तीन मिनिटे चालू द्यायचे, आधी नळ बंद करायचा, मग काही सेकंद थ्रॉटलचे छोटे झटके देऊन एक्झॉस्टमधले पाणी बाहेर फेकायचे आणि मग इंजिन बंद करायचे. पाण्याविना ते १५ सेकंदांहून जास्त चालू द्यायचे नाही. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर एक्झॉस्टच्या वायूचा रेटा नसल्याने पाणी तिथे साचत जाते आणि उघड्या झडपेतून सिलिंडरपर्यंत पोहोचू शकते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकायची पाळी येते. आम्ही लगेच तेलकाडी काढून बघितली. पाणी मिसळलेले तेल दुधाच्या चहासारखे दिसते, हे स्वच्छ होते. प्लग काढून सिलिंडरही पाहिले, कोरडे होते. यंत्राचे नशीब चांगले.

गुडघाभर पाणी

दुरुस्ती इथे संपते, पण कडे पुन्हा झिजणार होते, कारण वाळू पुन्हा येणार होती. ती येते कशी हे बघायला एक सकाळ किनाऱ्यावर काढली.

कांदोळीचा किनारा उताराला मंद आहे. ओहोटीला बऱ्याच आतपर्यंत पाणी गुडघ्याच्या वर जात नाही. पर्यटक कपडे सांभाळत येतात, त्यांना छातीभर पाण्यात उतरायचे नसते. म्हणून चालक यंत्र उथळ पाण्यात आणतो, माणसे बसवतो आणि तिथेच इंजिन सुरू करून थ्रॉटल देतो. जाळीखाली वाळू हातभर अंतरावर असते. बनवणाऱ्या कंपन्या तळाखाली किमान ६० ते ९० सेंटिमीटर पाणी असल्याशिवाय इंजिन सुरू करू नका असे सांगतात, ते याच कारणाने. पंप अशा वेळी खालची वाळू उपसून घेतो आणि तीच वाळू कड्यावरून, गाळणीतून, इंजिनाच्या पोकळीतून फिरते. लाट फुटते तिथे पाण्यात आधीच वाळू तरंगत असते, त्यात आणखी भर.

चालकाला दोष देऊन हे सुटणारे नाही. त्याची कमाई फेऱ्यांवर असते. यंत्र ढकलत कमरेएवढ्या पाण्यात न्यायला दुसरा माणूस लागतो आणि दर फेरीमागे वेळ जातो. मालकाशी यावर मोकळेपणाने बोललो. इंपेलर, सेन्सर, कडे आणि बंद पडलेल्या दिवसांचा हिशेब त्याच्यासमोर मांडला, तेव्हा ढकलायला एक मुलगा ठेवणे त्याला महाग वाटले नाही. आता कमरेएवढ्या पाण्यात माणसे बसतात. परतताना इंजिन तेवढ्याच पाण्यात बंद करून यंत्र हाताने ओढत आणतात.

याच बोलण्यात आणखी एक गोष्ट कळली आणि मला खरेच अस्वस्थ करून गेली. फेब्रुवारीत कोणीतरी त्यांना सल्ला दिला होता की सेन्सरची वायर काढून ठेवा, हॉर्न वाजणार नाही. चालकाने ते ऐकले नाही, हे त्याचे शहाणपण. या यंत्रांत एक्झॉस्टच्या पुढे रबरी नळ्या आणि प्लास्टिकची पेटी असते, आणि त्या केवळ आतून वाहणाऱ्या पाण्यामुळे शाबूत राहतात. पाणी कमी पडले की त्या वितळतात, धूर आणि गरम वायू पेट्रोलच्या टाकीशेजारी बंद पोटात शिरतात. किनाऱ्यापासून दूर, मागे पोहता न येणारी दोन माणसे असताना हे होऊ शकले असते. इशारा देणारी वायर काढा असे सांगणाऱ्याकडे पुन्हा यंत्र नेऊ नये, असे मी त्या मुलाला स्पष्ट सांगितले.

पावसाळ्यासाठी

जूनपासून समुद्रातल्या जलक्रीडा बंद होतात आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत यंत्रे शेडमध्ये असतात. बर्फाच्या प्रदेशात स्नोमोबाईल उन्हाळाभर झाकून ठेवतात, आपल्याकडे तो काळ पावसाचा. तिथे बांधून ठेवलेल्या यंत्राला निदान कोरडी हवा तरी मिळण्याची आशा असते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच महिन्यांत.

मेच्या शेवटी दोन्ही यंत्रे आमच्याकडे आली. गोड्या पाण्याने धुऊन मार्ग पूर्ण रिकामे केले, प्लगच्या भोकांतून सिलिंडरमध्ये संरक्षक तेल फवारले, विजेच्या जोडण्या सोडवून पुसल्या आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून पुन्हा जोडल्या, बॅटऱ्या काढून घरात चार्जरवर ठेवल्या. इंधनाबाबत थोडी जास्त काळजी घेतली. या यंत्राची पुस्तिका पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असे म्हणते, आणि पेट्रोल पंपावर आता २० टक्क्यांचे मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, दमट शेडमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिले की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे बसतात आणि पहिल्या स्टार्टला तेच इंजेक्टरकडे जाते. म्हणून टाक्या रिकाम्या करून ठेवल्या, सप्टेंबरात ताजे पेट्रोल भरायचे. एक्झॉस्टच्या आणि हवेच्या तोंडांना जाळी बांधली, कारण पावसात उंदीर कोरडी जागा शोधत येतात आणि वायरींचे आवरण कुरतडतात.

बांधण्याआधी तक्रार नसलेल्या जोडीदाराचाही पंप उघडून फट मोजली. ती आजाऱ्याइतकी नव्हती, पण मर्यादेच्या काठावर आलेली होती. त्याचे कडे मालकाने तिथेच बदलायला सांगितले. दाबमापकाचा टी-जोड मात्र आम्ही दोन्ही यंत्रांत कायमचा ठेवला आहे, तोंडाला टोपी लावून. हंगाम सुरू झाल्यावर महिन्यातून एकदा चालक स्वतः मापक लावणार आणि इंजिनाच्या ठरलेल्या फेऱ्यांवरचा दाब वहीत लिहिणार. नव्या कड्यावरचा पहिला आकडा त्याने मे महिन्यातच लिहून ठेवला आहे.